पोटखराबा : एका महसुली शब्दाने माळ कसा पुसला (दीर्घ थ्रेड)

१/
सातबाराच्या उताऱ्यावर एक रकाना असतो : पोटखराबा. लागवडीस अयोग्य, म्हणून आकारणीतून वगळलेले क्षेत्र तेथे नोंदवले जाते. दख्खनचा माळ कोणत्या कुऱ्हाडीने नष्ट झाला याचा शोध घेणाऱ्याने आधी हा रकाना वाचावा. माळावर कुऱ्हाड फारशी चाललीच नाही. तेथे चालली ती लेखणी, आणि तिच्यामागून खड्डे खणणारे व रोपे लावणारे हात.

२/
इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक कथा वर्षानुवर्षे फिरते. 'देश' म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेचा मुलूख एके काळी घनदाट अरण्याने झाकलेला होता. इंग्रजांनी रेल्वेसाठी ते अरण्य तोडले. आज इंदापूर, माण, करमाळा या बाजूला दिसणारा उघडा माळ म्हणजे त्या अरण्याचे प्रेत होय. कथा देशभक्तीची आहे, ऐकायला गोड आहे, आणि माळापुरती तरी चुकीची आहे.

३/
यात खरे किती, तेही सांगितले पाहिजे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८६३ मध्ये भोर घाटाचा मार्ग खुला झाला, आणि लोहमार्गाखाली घालायच्या लाकडी स्लीपरांसाठी देशभरची जंगले उतरली. सह्याद्रीतील व कोकणातील वृक्षतोड हा काही बनाव नाही. जावळीचे जंगलही खरेच होते. अफझलखानाची फौज त्यात कशी अडकली हे शाळकरी मुलालाही माहीत असते. मात्र जावळीवरून इंदापूरचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही ठिकाणे मराठी मुलखात आहेत, एवढ्याने त्यांचे हवामान एक होत नाही.

४/
महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही लहरी. ढग घाटावर रिते होतात. पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. खाली काळा बेसॉल्ट, वर वीतभर मुरूम, आठ महिने कोरडे. अशा भूमीवर निसर्ग गवत वाढवतो, आणि गवतात विखुरलेली काटेरी झाडे : हिवर, बाभूळ, बोर, खैर. जगभर या रचनेला सॅव्हाना म्हणतात. मराठीत तिला माळ म्हणतात, आणि तो शब्द पुरेसा आहे.

५/
हा माळ किती जुना? पुरावा खानदेशातून घेऊ. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. त्यांतील एकावर माणसाच्या हाताने कोरलेली नक्षी आहे. वय सुमारे पंचवीस हजार वर्षे. शहामृग धावणारा पक्षी आहे. त्याला मोकळी भूमी लागते, दाट जंगलात तो राहत नाही. त्या काळी ना रेल्वे होती, ना कंपनी सरकार, ना शेती.

६/
भारतीय उपखंडाच्या पातळीवर तर काळ आणखी मागे जातो. शिवालिकच्या टेकड्यांतील प्राचीन मातीच्या थरांत कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले गेले. ऊन आणि कोरडेपणा सोसणाऱ्या गवतांची विशिष्ट खूण तेथे साधारण आठ ते सहा दशलक्ष वर्षांपूर्वीपासून ठळक होते. माणूस कुऱ्हाड घडवण्याच्या कितीतरी आधी गवताने येथे राज्य मिळवले होते.

७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र सर्वांत जवळचा पुरावा मराठी वाङ्मयात सापडेल. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुने मराठी साहित्य, लोकगीते आणि दैवतकथा एका वेगळ्याच नजरेने वाचल्या : त्यांत कोणकोणत्या रानवनस्पतींची नावे येतात? ४४ रानवनस्पती हाती लागल्या, आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश माळाच्या निदर्शक निघाल्या. निष्कर्ष असा की हा मोकळा, काटेरी प्रदेश किमान साडेसातशे वर्षे आजच्यासारखाच आहे.

८/
या अभ्यासाचे महत्त्व पर्यावरणशास्त्रापुरते नाही. महानुभाव वाङ्मय, स्थळपोथ्या, धनगरांच्या ओव्या हे सारे 'भक्ती' आणि 'लोककला' या खणांत बंद करून ठेवण्याची सवय मराठी अभ्यासकांना लागली आहे. बखरीतील सनावळीवर शंभर पानी वाद घालणारे, ओवीत आलेल्या हिवराच्या झाडाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक संतचरित्रकाराला वनस्पतींबाबत खोटे बोलण्याचे काहीच कारण नव्हते. चमत्कार तो रंगवील; चमत्कार ज्या झाडाखाली घडला ते झाड ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातले असते. हिवरे, बाभूळगाव, बोरगाव ही गावांची नावेही तेच सांगतात.

९/
मराठेशाहीच्या कारभाराला गवताचे मोल ठाऊक होते, कारण तिची शक्ती घोड्यावर होती. घोडदळ गवतावर चालते. म्हणून सरकारी कुरणे राखली जात, त्यांतील गवत कापण्याचे व साठवण्याचे नियम असत. 'कुरण' म्हणजे रिकामी जागा नव्हे. कुरण ही राज्याची मालमत्ता होती. गनिमी काव्याच्या कथांत जंगल आणि कडे यांचेच कौतुक फार झाले. देशावरच्या ज्या गवताने तो घोडा पोसला, त्याच्यावर कोणी पोवाडा रचल्याचे ऐकिवात नाही.

१०/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मोजणीचे स्वरूप पालटले. कंपनीला एकच प्रश्न होता : या जमिनीतून किती धारा वसूल होईल? रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पहिली मोजणी केली. ती कागदावर पुस्तकी अर्थशास्त्राच्या बेतात बसणारी होती आणि शेतावर कोसळली. आकारणी डोईजड झाली, कुळे गावे सोडून गेली, जमिनी पडल्या.

११/
मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. ठिकाण : इंदापूर तालुका. हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबई इलाख्याची पुढची सारी जमीनमोजणी ज्या साच्यातून निघाली, तो साचा भीमा-नीरेच्या माळावर, म्हणजे गवताच्या मुलखात घडला.

१२/
या पद्धतीत मातीचे नऊ वर्ग केले होते. रंग, पोत आणि खोली पाहायची. पावणेदोन हात खोल उत्तम काळी माती असेल तर सोळा आणे, आणि तेथून उतरत उतरत हलक्या उथळ मातीला दोन आणे. चुनखडी, रेती, उतार हे 'दोष' मानून वर्ग आणखी खाली आणायचे. मराठीत 'सोळा आणे' म्हणजे परिपूर्ण. माळ या हिशेबात दोन आण्यांचा ठरला, किंवा तेवढ्याचाही नाही : तो 'खराबा' झाला.

१३/
गोल्डस्मिड-विंगेट दुष्ट नव्हते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. प्रिंगलने मोडलेला रयतेचा कणा त्यांनी सावरला. धारा कमी केला, तीस वर्षांसाठी स्थिर केला. लागवड वाढली, आणि ती वाढ हेच त्यांच्या यशाचे प्रमाणपत्र ठरले. नेमकी येथेच गाठ बसली. नांगरलेली जमीन म्हणजे सुशासन आणि पडलेली जमीन म्हणजे कुशासन, हे समीकरण सरकारी मनात पक्के झाले. प्रिंगलच्या जाचाने 'पडलेली' शेते आणि कधीच न नांगरलेला, स्वभावतःच गवताचा असलेला माळ या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली आल्या : पड.

१४/
विंगेटच्या माणसांनी माळावर काय मोजले नाही, ते पाहावे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते मोजली नाहीत. त्यांच्यावर जगणारी मेंढरे मोजली ती कर लावण्यासाठी, मेंढपाळाचा फिरता मार्ग मोजलाच नाही. काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, तणमोर, माळढोक यांना कोणताच रकाना नव्हता. यात आश्चर्य नाही. महसुली मोजणीने महसूल मोजला. आक्षेप त्यांच्यावर नाही. आक्षेप आहे तो त्या मोजणीतला शब्द उचलून पुढे निसर्गाचा निवाडा म्हणून वापरणाऱ्यांवर.

१५/
वनखाते आले तेव्हा त्याच्या हाती दुसरी फूटपट्टी होती : इमारती लाकूड. सागवान म्हणजे वन. गवत म्हणजे गौण उपज. महसूल खात्याला जो प्रदेश नापीक दिसला, तो वनखात्याला निर्वृक्ष दिसला. दोन खात्यांच्या मधल्या फटीत माळ नाहीसा झाला, आणि त्याची तक्रार करायला उरला तो धनगर, ज्याला दोन्ही खाती अतिक्रमण करणारा मानत.

१६/
इंग्रज गेले. शब्द राहिला. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले. २००० मध्ये उपग्रहचित्रांवरून देशाचा पहिला पडीक भूमी नकाशासंग्रह निघाला, २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. तिच्यानुसार भारताच्या भूभागापैकी सुमारे १७ टक्के 'पडीक'. विंगेटच्या खराब्याला अंतराळातून दुजोरा मिळाला! उपग्रह नवा होता, वर्गवारी जुनीच. झुडपी जमीन, खडकाळ जमीन, चराऊ जमीन हे सारे एका पोत्यात भरले, आणि त्या पोत्यावर 'विकासासाठी उपलब्ध' अशी चिठ्ठी आपोआप लागली.

१७/
वनांची मोजणी भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था करते. १९८७ पासून तिचे अहवाल निघतात. तिच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या छत्राचे आच्छादन १० टक्क्यांहून अधिक असेल, तर ती 'वनाच्छादन' ठरते. मालकी कोणाची, झाड कोणते, लावलेले की उगवलेले, याच्याशी कर्तव्य नाही. आंब्याची बाग यात बसते, निलगिरीची लागवड बसते. हजारो वर्षांचा माळ बसत नाही. त्यावर निलगिरी लावली की तो बसू लागतो आणि अहवालात 'वाढ' म्हणून झळकतो.

१८/
येथे जैवविविधता मोजतात कशी, हे थोडे समजून घेणे भाग आहे. गवताळ भूमीत अभ्यासक एक मीटर लांब-रुंद चौकट टाकतो आणि तीत कोणत्या जाती किती आहेत, हे गुडघे टेकून मोजतो. अशा चौकटी ठिकठिकाणी, ऋतूऋतूंत टाकतो. १९६० मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या परिस्थितिकीतज्ज्ञाने विविधतेच्या तीन पातळ्या सांगितल्या. एका जागेतील विविधता ती अल्फा. एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे जाताना जाती किती बदलतात ती बीटा. संपूर्ण प्रदेशाची मिळून ती गॅमा.

१९/
आता हीच रीत माळाला लावून पाहावी. उथळ मुरमावर एक गवत, ओघळीच्या काठी दुसरे, पाणी साचणाऱ्या खळग्यात तिसरेच. काटेरी झुडपाच्या सावलीत आणखी काही. पन्नास पावलांवर यादी बदलते. म्हणजे माळाची बीटा विविधता पायाखाली दडलेली असते. त्यावर गिरीपुष्प किंवा सुबाभूळ ओळीने लावली, तर झाडांची संख्या शून्यावरून हजारावर जाते आणि सावलीने गवत मरते. छत्र मोजणारा अहवाल याला हिरवाई म्हणेल. चौकट टाकणारा अभ्यासक याला ऱ्हास म्हणेल. दोघांनीही प्रामाणिकपणे मोजलेले असेल.

२०/
न मोजल्याची किंमत किती, त्याचा एक आकडा आहे. भारतीय द्वीपकल्पाच्या सॅव्हानांत २०६ वनस्पती अशा आढळतात, की ज्या अन्यत्र कुठेही नाहीत. त्यांपैकी सुमारे ४३ टक्के जातींचे शास्त्रीय वर्णन गेल्या दोन दशकांतच झाले. ज्या भूमीला 'खराबा' म्हणून जवळजवळ दोनशे वर्षे झाली, तिची निम्म्याच्या आसपास खास संपत्ती शास्त्राला काल-परवा कळली. ती कळण्याआधी कोणत्या माळावर कोणत्या जाती खड्ड्यात गेल्या, याचा हिशेब आता लागणे नाही.

२१/
माळढोकाची कथा या साऱ्याचा कळस आहे. मीटरभर उंच, उडणाऱ्या पक्ष्यांतील वजनदारांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिचे संरक्षण म्हणजे दूरवर पोचणारी नजर. भोवती झाडी वाढली की शत्रू दिसत नाही, आणि पक्षी ती जागा सोडतो. राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता तेव्हा सालिम अलींनी माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोराचे त्यात काही बिघडले नसते. माळाचे मात्र फार भले झाले असते.

२२/
१९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. नकाशावर भव्य. परंतु आत गावे होती, उसाची शेते होती, रस्ते, बाजार सारे होते. माळ नेमका कोठे आहे हे न मोजता तालुक्यांवर रेघ ओढली गेली. परिणाम व्हायचा तोच झाला : जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि ज्या शेतकऱ्याने तो पक्षी पिढ्यान् पिढ्या शेतात वावरू दिला होता, त्याच्या मनात त्याच पक्ष्याविषयी कडवटपणा साचला. पुढे क्षेत्र कापून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले.

२३/
म्हणजे एकीकडे माळ पडीक ठरवून त्यावर रोपे लावायची, दुसरीकडे उसाच्या फडाला अभयारण्य म्हणायचे. दोन्ही चुकांचे मूळ एकच. आज जगात माळढोक दीडशेहून कमी उरल्याचा अंदाज आहे, बहुतेक राजस्थानात. तेथेही विजेच्या तारांवर आदळून ते मरतात. म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारा जमिनीखाली घालण्याचा विषय हाताळावा लागला. ते सौरप्रकल्प तेथे का गेले? जमीन 'पडीक' होती म्हणून. महाराष्ट्रातील माळढोकाविषयी बोलताना आता वर्तमानकाळ वापरायला धीर होत नाही.

२४/
२०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्र शासनाने वृक्षलागवडीची महामोहीम राबवली : अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टे. किती जगली, किती मेली यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद दुय्यम होता. कोठे लावली, तेथे आधी काय होते, हा प्रश्न विरोधकांनीही फारसा विचारला नाही. कारण उघड्या जमिनीवर झाड लावणे हे पुण्यकर्मच, याविषयी सत्ताधारी, विरोधक, शाळा, कंपन्या, देवस्थाने या सर्वांचे एकमत आहे. एवढे एकमत दुसऱ्या कुठल्याही विषयावर या राज्यात सापडणार नाही.

२५/
यावर नेहमीचा प्रतिप्रश्न : हवामानबदलाच्या काळात झाडे नकोत काय? हवीत; जेथे जंगल होते आणि तुटले तेथे जरूर हवीत. गवताळ भूमी आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठवते. वणवा आला तर वरचे गवत जळते, खालचा साठा राहतो. खड्डे खणून ती माती उलथवायची आणि पाचशे मिलिमीटर पावसावर रोप जगवायचे, हा हिशेब कोणत्या अंकगणितात बसतो?

२६/
दुसरा प्रतिप्रश्न अधिक गंभीर आहे. माळ निरोगी तरी कोठे आहेत? अतिचराई, मुरूम-उत्खनन, विलायती बाभळीचे आक्रमण, यांनी अनेक माळ खरोखर झिजले आहेत. हे खरे आहे. पण झिजलेल्या माळाला बरा करायचा तर गवत परत आणावे लागेल, आणि त्यासाठी निरोगी माळ कसा असतो याचे मोजमाप हवे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर, सुप्याचे मयूरेश्वर ५.१४. तुलनेसाठी राखून ठेवलेले नमुने एवढे चिमुकले आहेत.

२७/
कायद्याने एक साधन दिलेले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्यांचे परिश्रम होते : गावातल्या माणसाला जे ठाऊक आहे ते गावानेच लिहावे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर नोंदवह्यांची धांदल उडाली. घाईने भरलेल्या वहीत काय असते, हे सरकारी वह्या पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

२८/
ती वही पुन्हा उघडता येते. कायदा आडवा येत नाही. फक्त गायरान आणि माळ यांच्यापुढे 'पडीक' लिहून पान उलटू नये. गवतांची नावे मेंढपाळाला विचारावीत. कोणते गवत मेंढरू आधी खाते, कोणते केवळ टंचाईत खाते, हे त्याच्याइतके कोणत्याही विद्यापीठाला ठाऊक नाही. आणि वेळ साधावी. मे महिन्यात वही घेऊन माळावर गेलेल्याला तेथे दगड, कुसळे आणि ऊन याखेरीज काही दिसणार नाही, तो प्रामाणिकपणे 'रिकामी जमीन' असे लिहून येईल. कंद तेव्हा जमिनीखाली झोपलेले असतात. भाद्रपदात जावे, सकाळी लवकर, चौकट घेऊन. गवत तेव्हा गुडघ्याला लागते, चंडोल वर गात असतो, आणि एका चौकटीची यादी संपवायला दोन माणसांना बराच वेळ लागतो.